नेस्कॅकच्या कोचचा मेल आला, आता पुढे काय?

पुण्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी नुकतीच अकरावी सायन्सला गेली, स्टेट बोर्ड. स्क्वॉशमध्ये राष्ट्रीय स्पर्धांत १७ वर्षांखालच्या गटात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचते. अमेरिकेतल्या नेस्कॅक नावाच्या गटातल्या दोन कॉलेजांच्या कोचचे मेल आलेत. पण तिथे खेळाची स्कॉलरशिप मिळतच नाही असं कळलं. मग त्या मेलचा उपयोग काय? की डिव्हिजन वनसाठी थांबावं?"

मी या गटातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं असिस्टंट कोच होते. आता परत येऊन इथल्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे हे मेल लिहिणारी बाजू मी पाहिली आहे आणि वाचणारीही. तुमचा प्रश्न स्कॉलरशिपचा वाटतो, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. कोच, ॲडमिशन ऑफिस आणि आर्थिक मदतीचं ऑफिस ही तीन वेगळी दारं आहेत आणि आपल्याकडचे पालक कोचच्या मेलमध्ये तिन्हींचं उत्तर शोधतात. कोचच्या हातात थोडंच असतं. पण जे असतं ते मोलाचं असतं, आणि ते नेमकं काय हे आधी समजून घ्यायला हवं.

नेस्कॅक म्हणजे न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स. ११ कॉलेजं आहेत: मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, विल्यम्स आणि टफ्ट्स, कनेटिकटमध्ये ट्रिनिटी, वेस्लीयन आणि कनेटिकट कॉलेज, मेनमध्ये बेट्स, बोडन आणि कोल्बी, व्हरमाँटमध्ये मिडलबरी, आणि न्यूयॉर्क राज्यात हॅमिल्टन. टफ्ट्स सोडलं तर बाकी सगळी लहान, साधारण दोन ते तीन हजार विद्यार्थ्यांची. आपल्याकडची कित्येक ज्युनियर कॉलेजं याहून मोठी असतात. पण इतिहास जुना. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स १ जुलै १८५९ ला पिट्सफील्ड गावात जो बेसबॉल सामना खेळले, तो अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना. ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. त्यांची अमेरिकन फुटबॉलमधली चुरस १८८४ पासूनची आहे.

स्कॉलरशिप का नाही, याचं उत्तरही इतिहासातच आहे. १९५५ साली ॲमहर्स्ट, बोडन, वेस्लीयन आणि विल्यम्स या चौघांनी आपसात करार केला की खेळ हा शिक्षणाचा भाग राहील, खेळाडू हे बाकी विद्यार्थ्यांसारखेच असतील आणि अंतिम शब्द कॉलेजच्या अध्यक्षांचा असेल. त्यातूनच १९७१ मध्ये ११ कॉलेजांची कॉन्फरन्स उभी राहिली. (तेव्हा त्यात युनियन कॉलेज होतं. ते १९७७ साली बाहेर पडलं आणि १९८२ मध्ये कनेटिकट कॉलेज आलं.) कित्येक वर्षं तर इथल्या टीमना राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचीही परवानगी नव्हती, ती १९९३ नंतर मिळाली. ही कॉलेजं एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) डिव्हिजन थ्रीमध्ये येतात आणि त्या डिव्हिजनमध्ये खेळाच्या नावावर एक डॉलरही देता येत नाही. म्हणजे कोच तुमच्यापासून काही लपवत नाहीये, त्याच्याकडे द्यायला पैसे नाहीतच.

आता डिव्हिजन वनसाठी थांबायचं का, ते पाहू. बास्केटबॉल किंवा पोहण्याबद्दल विचारलं असतंत तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. स्क्वॉशचा मामला निराळा आहे. कॉलेज स्क्वॉशची क्रमवारी आणि राष्ट्रीय स्पर्धा कॉलेज स्क्वॉश असोसिएशन चालवते आणि तिथे डिव्हिजनच्या भिंती नाहीत. दोन हजार विद्यार्थ्यांचं ट्रिनिटी हार्वर्ड-येलशी सरळ भिडतं. ट्रिनिटीच्या पुरुष संघाने १९९८ ते जानेवारी २०१२ या काळात सलग २५२ लढती जिंकल्या. ती मालिका येलने ५-४ अशी तोडली. कोच पॉल असायांटे यांच्या त्या संघांत जगभरातून आलेली मुलं होती आणि आपल्या मुंबईचे मानेक माथूर, विक्रम मल्होत्रा हेही त्याच कॉलेजातून खेळले. शिवाय ज्या आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरेंचा गट) स्वप्नं आपल्याकडे पाहिली जातात, तिथेही खेळाची स्कॉलरशिप नसते. तेव्हा स्क्वॉशपुरतं बोलायचं तर 'डिव्हिजन वन म्हणजे पैसे आणि वरचा दर्जा, डिव्हिजन थ्री म्हणजे दुय्यम' हे समीकरण डोक्यातून काढून टाका. दर्जा संघागणिक बदलतो. त्या दोन्ही कॉलेजांच्या महिला संघांची क्रमवारी आणि निकाल उघड असतात, ते बघा.

एक हिशोब मात्र समजून घ्या. कॉलेज स्क्वॉशच्या लढतीत नऊ जणी खेळतात आणि पहिल्या क्रमांकाच्या विजयाला जेवढी किंमत, तेवढीच नवव्या क्रमांकाच्या. त्यामुळे कोचला एकच चमकणारी खेळाडू पुरत नाही, शेवटच्या क्रमांकापर्यंत चांगल्या खेळाडू लागतात. दरवर्षी दोन-चार जणी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि तेवढ्या जागा भरायच्या असतात. आम्ही मेल पाठवायचो ते मात्र पन्नास-साठ मुलींना, आणि आमच्यासारखे आणखी वीस कोच त्याच मुलींना लिहीत असायचे. पहिला मेल म्हणजे 'आम्ही तुझं नाव वहीत लिहिलंय' एवढंच. त्याने हुरळून जाऊ नका आणि त्याला कमीही लेखू नका, कारण वहीत नाव नसलेल्या मुलीचा पुढे विचारच होत नाही.

मग कोच देऊ काय शकतो? ॲडमिशन ऑफिसमध्ये शब्द टाकू शकतो. या कॉलेजांत प्रवेश मिळणं फार अवघड झालं आहे, उत्तम गुणांची मुलंही ढिगाने नाकारली जातात. अशा ठिकाणी प्रत्येक कोचला ठरावीक संख्येने 'ही मला हवी आहे' असं सांगायची मुभा असते. ॲमहर्स्टने आपल्या खेळविषयक अहवालात हे उघड मांडलं होतं: तिथे खेळ हा निर्णायक घटक धरून दरवर्षी जास्तीत जास्त ६७ जागा, आणि त्याही सगळ्या खेळांच्या मिळून. पहिल्या वर्षाची तुकडी पाचशेच्या आतबाहेर असते, हे लक्षात घेतलं की त्या शब्दाचं वजन कळतं. पण आपल्याकडच्या क्रीडा कोट्यासारखं गुणांची अट फार सैल करून आत घेणं इथे होत नाही. मुलगी अभ्यासात त्या कॉलेजच्या पट्ट्यात बसली पाहिजे. ती बसत असेल, तर कोचचा शब्द तिला शेकडो तशाच मुलींतून वर काढतो.

ती बसते की नाही हे ठरतं प्री-रीडमध्ये. बारावी सुरू झाल्यावर, १ जुलैनंतर, कोच मुलीची मार्कशीट, शाळेची माहिती आणि असल्यास सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेचे गुण ॲडमिशन ऑफिसला देतो. तिथला अधिकारी वाचून सांगतो: हिला पाठिंबा दे, किंवा अवघड आहे, किंवा नको. बहुतेक ठिकाणी हा कौल रंगांत बोलला जातो, हिरवा, पिवळा, लाल. हिरवा आला आणि कोचने 'मी तुला पाठिंबा देतोय, अर्ली डिसिजनने अर्ज कर' असं स्पष्ट म्हटलं, तर तो खरा शब्द. अर्ली डिसिजनच्या पहिल्या फेरीची मुदत कॉलेजप्रमाणे नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्याला असते. मिळालं तर तिथेच जायचं, हे त्यात बांधील असतं.

इथे महाराष्ट्रातल्या मुलांची हमखास चूक होते आणि तुमची लेक आत्ताच अकरावीत असल्यामुळे मला हे कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे अकरावी हे बिनमहत्त्वाचं वर्ष मानतात. दहावी झाली, आता थेट बारावी. टाय-अपच्या क्लासला नाव घातलं की कॉलेजात हजेरीही लागत नाही आणि अकरावीचा निकाल कुणी बघत नाही. पण जुलैमधल्या प्री-रीडच्या वेळी ॲडमिशन अधिकाऱ्यापुढे तिचे नववी, दहावी आणि अकरावीचेच गुण असतात. बारावीची परीक्षा तर नंतरच्या फेब्रुवारीत. म्हणजे ज्या वर्षाकडे आपण पाठ फिरवतो, त्याच वर्षावर तिथे निर्णय होतो. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगी होती, दहावीला ९४ टक्के, अकरावीला ५८, कारण वर्षभर ती स्पर्धाच खेळत होती. खेळात ती त्या संघात सहज तिसऱ्या क्रमांकावर खेळली असती. कोचला ती मनापासून हवी होती. कौल लाल आला आणि कोचला काहीही करता आलं नाही. ती हुशार होती आणि तिला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं, हे मला आजही लागून राहिलं आहे.

सॅटबद्दल: बोडनने १९६९ मध्येच प्रवेश परीक्षेची सक्ती काढली, बेट्सने १९८४ मध्ये. तरी स्टेट बोर्डाच्या मुलीने सॅट द्यावी असं मी सुचवते. ॲडमिशन ऑफिसला आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेचा अंदाज बांधायला एक ओळखीची मोजपट्टी मिळते. आणि दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळाले असतील तर ते वेगळे दाखवा, तिथे ती पद्धत कुणाला ठाऊक नसते.

आता पैसे. या कॉलेजांचा एका वर्षाचा सगळा खर्च, फी, राहणं, जेवण धरून, ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. हा आकडा पाहून घरात शांतता पसरते, ते मी पाहिलंय. पण यांची मदत कुटुंबाच्या गरजेवर ठरते आणि ती मोठी असू शकते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली: प्रवेश दिल्यावर दाखवलेली गरज किती भरून काढतात. दुसरी: गरज आहे म्हणून प्रवेशावर परिणाम होतो का. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ॲमहर्स्ट आणि बोडन गरज न पाहता प्रवेश ठरवतात. इतर बऱ्याच ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर ते निर्णयात धरलं जातं. तेव्हा दोन कोचचे मेल सारखेच गोड असले तरी तुमच्या घरासाठी दोन्ही कॉलेजांचा अर्थ अगदी वेगळा असू शकतो. कोणती दोन ते तुम्ही लिहिलेलं नाही, तुमचं उत्पन्नही मला माहीत नाही, म्हणून यापुढे ठाम सांगता येणार नाही.

कोचला पैशाबद्दल विचारायला लोक लाजतात. लाजू नका. 'मदतीचा प्राथमिक अंदाज अर्ज करण्याआधी मिळेल का' हे विचारणं अगदी रीतसर आहे. प्री-रीड हिरवा आला की अनेक कॉलेजांची आर्थिक मदतीची ऑफिसं कागदपत्रं पाहून तसा अंदाज देतात. तो लेखी हातात आल्याशिवाय अर्ली डिसिजनची बांधिलकी घेऊ नका. प्रवेशानंतर मदत खरोखरच अपुरी निघाली तर बांधिलकीतून सुटता येतं, पण त्या वेळी बाकी कॉलेजांसाठी धावपळ सुरू होते आणि मुलीच्या मनावर त्याचा ताण येतो.

खेळाची स्कॉलरशिप नसण्याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या संघातल्या एका मुलीचा दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली, आठ महिने कोर्ट बंद, आणि मग तिने ठरवलं की आता खेळायचं नाही. तिची मदत एका डॉलरने कमी झाली नाही, कारण ती मदत तिच्या रॅकेटला मिळालेलीच नव्हती. ती रसायनशास्त्रात पदवी घेऊन बाहेर पडली आणि शेवटपर्यंत आमच्या लढतींना टाळ्या वाजवायला यायची. डिव्हिजन वनमध्ये चित्र दुसऱ्या दिशेने चाललं आहे. एनसीएएवरच्या दाव्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आणि त्याच तडजोडीने तिथल्या संघांच्या आकारावर मर्यादाही आल्या. ज्या खेळांना प्रेक्षक कमी, त्यांचं तिथे पुढे काय होईल याची मला काळजी वाटते.

रोजचं आयुष्य कसं असतं? हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. दुपारी चारनंतर दोन तास सराव. विज्ञान शाखेच्या मुलांची प्रयोगशाळा दुपारीच असते आणि दोन्हींची टक्कर होते. आमच्याकडे नियम होता की लॅब आधी, सराव नंतर, आणि मुलगी उशिरा आली तरी तिला कुणी बोलायचं नाही. हा नियम दोन्ही कोचच्या बाबतीत आहे का, ते सध्याच्या खेळाडूंना विचारा, कोचला नको. शुक्रवारी-शनिवारी बसचे प्रवास. हॅमिल्टनहून मेनला जायचं तर बसमध्येच अख्खा दिवस जातो, आणि बसमध्ये डोक्यावरचा दिवा लावून निबंध लिहिणाऱ्या मुली मी दर आठवड्याला पाहिल्या आहेत. हंगामाबाहेर कोचने सराव घेण्यावर बंधनं आहेत, तेव्हा कॅप्टनच सगळ्यांना गोळा करते. ज्या मुलीला पाठीमागे कोच लागल्याशिवाय खेळता येत नाही, तिला हे जड जातं. तुमची लेक कशी आहे ते तुम्हालाच माहीत.

आणि कॉलेज निवडताना गाव बघा, मनापासून सांगते. टफ्ट्सहून बॉस्टनला लोकल ट्रेनने जाता येतं. ट्रिनिटी हार्टफर्ड शहरात आहे. मिडलबरी किंवा विल्यम्स म्हणजे डोंगरातली छोटी गावं, चार बाजूंना जंगल. मेनच्या वॉटरव्हिलमध्ये, म्हणजे कोल्बीच्या गावात, डिसेंबरात चारला अंधार पडतो आणि बर्फ एप्रिलपर्यंत राहू शकतं. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या काही मुलींना ते शांतपण फार आवडलं, काहींना पहिल्या हिवाळ्यातच रडू कोसळलं. खेळाडू म्हणून ती तिथे आठवड्यातले पंधरा-वीस तास असेल, राहणार मात्र चोवीस तास. मी प्रत्येक घरी एकच विचारते: उद्या खेळ सुटला तरी तिला या कॉलेजात चार वर्षं राहायला आवडेल का? उत्तर 'नाही' आलं तर कोचचा मेल कितीही चांगला असो, मी ते कॉलेज यादीतून काढायला सांगते.

एक सावधगिरी. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला एका कोचने वर्षभर सुंदर मेल पाठवले. सामन्यांचे व्हिडिओ मागितले, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. गुणपत्रिका मात्र एकदाही मागितली नाही. आम्हाला ते खटकायला हवं होतं. ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं की 'नेहमीच्या फेरीत अर्ज कर, आम्ही बघू.' तोवर बाकी कोचच्या जागा भरल्या होत्या. जो कोच मार्क मागत नाही, त्याने तुमचं नाव अजून ॲडमिशन ऑफिसपर्यंत नेलेलं नाही, असं समजा.

तर आत्ता काय करायचं. मेलना उत्तर मुलीने स्वतः द्यावं, तुम्ही नाही. पालकांनी लिहिलेला मेल आम्हाला पहिल्या ओळीत ओळखू यायचा. उत्तरात नववी-दहावीचे गुण, अकरावीचे विषय, येत्या वर्षाच्या स्पर्धांचं वेळापत्रक आणि एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ द्यावा. निवडक फटक्यांची चित्रफीत नको, हरलेला सामना असला तरी चालेल, कारण मागे पडल्यावर ती काय करते हेच कोचला बघायचं असतं. आणि थेट विचारावं: माझ्या वर्षी तुम्ही किती खेळाडू घेणार आहात, त्यांतल्या किती जणींना ॲडमिशन ऑफिसमध्ये पाठिंबा देता येतो, आणि माझं प्री-रीड तुम्ही कराल का? चांगला कोच या तिन्हींची सरळ उत्तरं देतो. बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याआधीही तिने कोचला विचारून घ्यावं, हौशी खेळाडूच्या नियमांत ते अडचणीचं ठरू शकतं.

याच आठवड्यात तिच्या ज्युनियर कॉलेजात जाऊन उपप्राचार्यांना भेटा. अकरावीच्या घटक चाचण्या आणि सहामाही परीक्षा ती नीट देईल, त्यांचे गुण नोंदले जातील आणि पुढच्या जूनपर्यंत इंग्रजीत सही-शिक्क्याची गुणपत्रिका मिळेल, एवढं पक्कं करून घ्या. स्पर्धेच्या तारखा आधी दिल्या तर बहुतेक कॉलेजं परीक्षा मागेपुढे करून देतात. दोन कॉलेजांची नावं आणि तिचे नववी-दहावीचे गुण इथे लिहिलेत, तर त्या दोन संघांत पुढच्या वर्षी किती जागा रिकाम्या होतील ते मी बघून सांगते.